पाण्याची भीती

जानेफळच्या शाळेतले इंग्रजीचे मास्तर १९६४च्या जूनमध्ये अकोल्याला नोकरी लागून निघून गेले आणि मॅट्रिकच्या वर्गाचा इंग्रजीचा तास माझ्या वाट्याला आला. मी विज्ञान शिकवत होते. बी.एस्सी.ला माझे विषय रसायन आणि वनस्पतिशास्त्र. इंग्रजी मला वाचता-लिहिता येत होतं, पण ते शिकवायचं कसं हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. म्हणून मी ते वनस्पतींसारखं शिकवायला घेतलं. शब्दांची कुळं लावली. ज्यांची सुरुवातीची अक्षरं सारखी, ते एका कुळातले. टी, ई, एल, ई ही चार अक्षरं दिसली की काहीतरी दूर आहे असं समजायचं. टेलिफोन म्हणजे दुरून आलेला आवाज, टेलिग्राम म्हणजे दुरून आलेलं लिखाण, टेलिस्कोप म्हणजे दूरचं पाहायचं यंत्र. मुलं मान डोलवायची. 'के' आणि 'एन' जोडीने आले की 'के'चा उच्चार होत नाही, हे फळ्यावर नाइफ, नी, नॉट असं लिहून दाखवलं, तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "म्हंजे हा के आपल्या चौकीदारावानी हाये. असते तं सही, पन आवाज नाही." वर्ग हसला, मीही हसले. त्या दिवशी मला वाटलं, आपल्याला हे जमतंय.

ऑगस्टच्या शेवटी मी पाण्याचं कूळ घेतलं. एच, वाय, डी, आर, ओ. हायड्रोजन, पाणी निर्माण करणारा वायू. हायड्रोमीटर, द्रवाची घनता मोजायचं साधन. हायड्रोफाइट, पाण्यात वाढणारी वनस्पती. फळ्यावर खाली थोडी जागा उरली होती. तिथे मी हायड्रोफोबिया लिहिलं आणि पुढे लिहिलं, पाण्याची भीती.

त्या शब्दाचा दुसरा अर्थ मला माहीत होता. पिसाळलेलं कुत्रं चावल्यावर माणसाला जो रोग होतो, ज्यात घोटभर पाणीसुद्धा घशाखाली उतरत नाही, त्याला डॉक्टर याच नावाने ओळखतात. पण तो अर्थ कुळात बसत नव्हता. पाणी आणि भीती, एवढं कसं स्वच्छ दिसत होतं. मी तो गाळला. विसरले नव्हते.

वर्गात एकच मुलगी होती, सिंधू. रंगराव काकड यांची धाकटी. रंगरावांची जमीन बरी होती, भाजीचा मळाही होता, आणि मुलीला मॅट्रिक करायचं हे त्यांनी गावासमोर बोलून दाखवलं होतं. सिंधू हुशार होती, पण जुलै लागल्यापासून तिला रोज उशीर व्हायचा. पहिला तास अर्धा होत आला की ती दारात उभी, केस ओले, तळहात लाल. पुढे पुढे मी विचारणं सोडून दिलं होतं. हजेरीपुस्तकात फक्त खूण करत होते.

सतरा सप्टेंबरला, गुरुवारी, तिने हेडमास्तरांच्या नावाने अर्ज दिला. रोज पहिल्या तासाला उशिरा येण्याची परवानगी मिळावी, असा. मॅट्रिकच्या मुलांनी सगळे अर्ज इंग्रजीत लिहायचे हा नियम माझाच होता. शब्द वाक्यात वापरल्याशिवाय आपला होत नाही, असं मी त्यांना सांगत असे. सिंधूने वाक्यात वापरला. अर्जात लिहिलं होतं की माझी वहिनी हायड्रोफोबियाने आजारी आहे, म्हणून घरचं पाणी मला भरावं लागतं.

मी त्या वेळी प्रयोगशाळेत होते. दुपारी हेडमास्तर भगवंतराव यांनी मला बोलावलं, तेव्हा त्यांच्या टेबलावर शब्दकोश उघडा पडला होता.

"बाई, हा शब्द तुम्ही शिकवला?"

"हो."

"अर्थ काय सांगितला?"

"पाण्याची भीती."

"आणि पुढचा?" ते कोशावर बोट ठेवून म्हणाले. "अहो, ज्येष्ठाच्या शेवटी गावात पिसाळलेलं कुत्रं शिरलं होतं. दोन वासरं मेली. आणि या माणसांनी सून घरात ठेवली, कोणाला सांगितलं नाही! पोरगी रोज शाळेत येते. मी शिपाई पाठवून रंगरावांना बोलावून घेतलं. ते आत्ताच मुलीला घेऊन गेले."

"तुम्ही सिंधूला विचारलंत का, तिला काय म्हणायचं होतं?"

"लिहिलंय की तिनं. विचारायचं काय?"

चार वाजता शाळा सुटल्यावर मी रंगरावांच्या घरी गेले. अंगणात सिंधू रडत बसली होती. तिची आई सत्यभामाबाई उजव्या हाताने डावं मनगट धरून उभ्या होत्या. उन्हाळ्यात त्यांचा तो हात मोडला होता आणि वाकडा जुळला होता. गोठ्याला लागून कडबा ठेवायची खोली होती. तिच्या दाराला बाहेरून कडी घातलेली होती.

सिंधू माझ्याजवळ आली. "बाई, मी कुत्र्याचं नाही लिहिलं. वहिनी इहिरीवर जातच नाही. मायचा हात असा. मंग पानी मलेच भरा लागते. पन वहिनी पानी भरत नाही असं लिहिलं असतं तं तिले नाव ठेवल्यावानी झालं असतं. म्हनून म्या आजार लिहिला. तुमी सांगितलेलाच लिहिला."

"स्पेलिंग बरोबर होतं," मी म्हणाले. का म्हणाले, मला माहीत नाही.

खोलीत डांबलेली सून म्हणजे वच्छला. अठरा-एकोणीस वर्षांची, लोणारची. लग्न वैशाखात झालं होतं आणि ज्येष्ठ संपायच्या आत ती नांदायला आली होती. नवरा उत्तमराव चिखलीच्या जिनिंगमध्ये कामाला होता. शनिवारच्या बसने घरी यायचा आणि सोमवारी पहाटे परत जायचा.

मी कडीला हात घातला.

"आत जाऊ नोका बाई," सत्यभामाबाई ओरडल्या. "थुंका लागला तरी होते म्हनतात."

"तिने पाणी प्यायलं का?"

"दुपारपासून ठेवलं हाये समोर. शिवत बी नाही. पाहूनच तोंड फिरवते. आता आनखी काय पाहाचं राह्यलं?"

मी आत गेले. वच्छला कडब्याच्या पेंढ्यांना टेकून बसली होती. समोर एका फुटक्या मडक्याचं बूड होतं आणि त्यात पाणी. त्यावर कडब्याचा कचरा तरंगत होता. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मी कुत्री हावो काय बाई?"

मी बाहेर येऊन सिंधूकडून तांब्या मागून घेतला. घासलेला, पितळी. वच्छलाने तो दोन्ही हातांनी धरला आणि एका दमात रिकामा केला. घशात ठसका नाही, मानेला झटका नाही. मी तिचे पाय पाहिले, कारण सत्यभामाबाई घोट्यावरच्या व्रणाबद्दल काहीतरी पुटपुटत होत्या. व्रण होता. पांढरा, सपाट, कडेची कातडी त्याच्याशी एकजीव झालेली. दोन-अडीच महिन्यांपूर्वीची जखम अशी दिसत नाही. ती अजून तांबूस असते.

"हा कधीचा?"

"लहानपनीचा. पत्रा लागला होता."

"मग विहिरीवर का जात नाहीस?"

तिने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. लोणारला तिच्या घराजवळ धार आहे. दगडी तोंडातून पाणी पडत असतं, घागर खाली धरली की भरते. तिने जन्मात दोर ओढलेला नव्हता. इथे विहिरीवर काठापासून आत एक लाकूड आडवं टाकलं आहे. एक पाय काठावर, एक पाय लाकडावर ठेवायचा आणि दोन्ही पायांच्या मधून खाली पाहत दोर ओढायचा. पहिल्या दिवशी ती लाकडावर उभी राहिली आणि विहीर फिरायला लागली. हात सुटले. घागर दोरासकट खाली गेली. दुसऱ्या बायका हसल्या.

"पान्याची भीती नाही मले," ती म्हणाली. "लोनारचं तळं केवढं खोल हाये, तुमी पाह्यलं काय? मी रोज उतरत होती खाली. पायवाटेनं उतरते मानूस. हे असं अधांतरी नाही."

म्हणजे मी शिकवलेला अर्धा अर्थही तिला लागू नव्हता.

बाहेर रंगराव बाजेवर बसले होते. शांत माणूस. मी उभ्यानेच त्यांना समजावू लागले. सिंधूला पहिल्यांदा उशीर झाला तो सहा जुलैला. तेव्हापासून वच्छला विहिरीवर जात नाही. आज सतरा सप्टेंबर. त्र्याहत्तर दिवस झाले. तो रोग एकदा दिसायला लागला की माणूस आठ-दहा दिवसांच्या वर जगत नाही. ती त्र्याहत्तर दिवस स्वयंपाक करते आहे.

रंगरावांनी सगळं ऐकून घेतलं. "हिशेब बरोबर असन बाई. पन वासरं बी दीड महिना चांगली होती. मंग एका दिवसात गेली."

"ते दिवस विष अंगात भिनायचे. ती वासरं तेव्हा आजारी दिसत नव्हती. दिसायला लागली आणि मेली. हिचं उलटं आहे."

"मले येवढं समजत नाही. कागदावर लिहिलेलं हाये, अन् सायबानं पुस्तकात पाहून सांगितलं."

इथे मला एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या तोंडात ते तयार होतं. कागदावर जे लिहिलं आहे ते मी चुकीचं शिकवलं म्हणून लिहिलं गेलं. त्याऐवजी मी म्हणाले, "हेडमास्तरांचा काहीतरी गैरसमज झाला आहे."

सत्यभामाबाई फिरल्या. "बरं, रोग नाही. मंग काऊन नाही भरत पानी? त्र्याहत्तर दिवस म्हनता ना तुमी? त्र्याहत्तर दिवस माही पोरगी दोर ओढून राह्यली. रोग नाही तं सोंग हाये. रोग असन तं आमी इलाज करू. सोंगाले माहेरची वाट हाये."

मी निघताना वच्छलाने दाराच्या फटीतून माझा पदर धरला. "बाई, रोगच राहू द्या. सोंग म्हनलं का मले लोनारले धाडून देतीन. मंग आनत नाहीत परत. मावशीले नाही आनलं."

मी तशीच घरी आले. माझी खोली मारुतीच्या देवळामागे होती. त्या रात्री मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं की तिला तांब्यातून पाणी मिळतंय, जेवण मिळतंय, चार-आठ दिवसांत काही झालं नाही की आपोआप सगळे शांत होतील. रोग नाही हे सिद्ध करायला नुसतं वाट पाहणं पुरेसं होतं. प्रयोगशाळेत मी हेच करते.

पण शुक्रवारी संध्याकाळी सिंधू धावत आली आणि म्हणाली, इलाज ठरला.

सात विहिरींचा इलाज त्या भागात जुना होता. कुत्रं चावलेल्या माणसाला सात विहिरींवर न्यायचं आणि प्रत्येकीत वाकून पाहायला लावायचं. पाण्यात स्वतःचं तोंड दिसलं तर विष पाण्यात उतरलं. कुत्र्याचं दिसलं तर आशा सोडायची. डोळे मिटले तर ती विहीर मोजत नाहीत. पितरांचा पंधरवडा लागायच्या आत उरकायचं होतं, म्हणून रविवार. उत्तमराव शनिवारी येणारच होता. धरायला मजबूत माणूस हवा होता.

"वहिनीले सांगितलं तेव्हापासून तिनं काही खाल्लं नाही," सिंधू म्हणाली. "बाई, ती पडन. मले माहीत हाये, ती पडन."

शनिवारी शाळा अर्धा दिवस असते. मी भगवंतरावांना त्यांच्या खोलीत गाठलं आणि त्यांनी येऊन रंगरावांना सांगावं अशी विनंती केली. त्यांनी चष्मा पुसला.

"मी काय सांगू? की हेडमास्तरला इंग्रजी येत नाही?"

"की मी अर्थ अर्धा शिकवला."

"त्यानं काय होईल, कळतंय का? जिल्हा परिषदेची शाळा आहे. उद्या गावात होईल की बाईंनी शिकवलेलं चुकीचं असतं. पोरं कोणाचं ऐकतील? तुम्ही अजून कायम झालेल्या नाहीत." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "जाऊ द्या हो. विहिरीत पाहिल्याने कोणी मरत नाही."

कायम न होण्याबद्दल ते म्हणाले ते खरं होतं. मी त्या वाक्याचा विचार केला नाही असं मी म्हणणार नाही.

रविवारी सकाळी आठ वाजता मी रंगरावांच्या दारात उभी होते. कोणी मला बोलावलं नव्हतं, कोणी जा म्हणालं नाही. वच्छलाला नवं लुगडं नेसवलं होतं. उत्तमरावाने तिचा दंड धरला होता. तो चांगला मुलगा असावा. त्याचाच चेहरा तिच्यापेक्षा पांढरा पडला होता. मागे पंधरा-वीस माणसं जमली होती, आणि प्रत्येक वळणावर चार-दोन वाढत होती.

पहिली विहीर देवळाची. तिला कमरेइतका कठडा होता. वच्छलाने कठडा घट्ट धरला, वाकली, पाहिलं. "काय दिसलं?" सत्यभामाबाईंनी विचारलं. "मी," ती म्हणाली. दुसरी विहीर एका मळ्यातली, पावसाळ्यामुळे पाणी हाताच्या अंतरावर आलेलं. तिथेही निभावलं. मला वाटलं, कदाचित सातही होतील.

तिसरी गावाच्या वरच्या अंगाची, खडकात खोदलेली. कठडा नाही. काठावरचा मुरूम सुटलेला. पाणी पंधरा हात खाली. दहा पावलांवर वच्छला थांबली. उत्तमरावाने ओढलं तशी तिने टाचा रोवल्या. मग तिने त्याचा हात सोडवला आणि खाली बसली. दोन्ही तळहात जमिनीला टेकवून ती हळूहळू विहिरीकडे सरकू लागली. ती प्रयत्न करत होती. तिला जमेल अशा एकाच रीतीने ती तिथे जायला निघाली होती.

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "पाह्य बे! कुत्र्यावानी चालून राह्यली!"

माणसं मागे सरली. एका बाईने लेकराला उचललं. "विष चढलं! आता चढलं!" उत्तमरावानेही हात मागे घेतला. पाठीमागे कोणीतरी दोर मागितला. तिला बांधायला.

वच्छला जागच्या जागी थिजली. तिने मान वर केली नाही.

मी पुढे झाले. मला तिला उठवायचं होतं, पण काठाच्या दोन हातांवर माझी नजर खाली गेली आणि मलाही विहीर फिरल्यासारखी वाटली. मी तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसले आणि तळहात टेकले. लुगड्याला चिखल लागला. तशीच सरकत मी काठापर्यंत गेले आणि खाली पाहिलं.

"मला तरी कुठे उभ्याने पाहवतंय," मी म्हणाले. मोठ्याने बोलायची मला सवय नाही. पण वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचतो तो आवाज माझ्याकडे होता. तोच मी वापरला. "ऐका. सिंधूने जो शब्द लिहिला तो मी शिकवला. त्याचा अर्थ मी अर्धाच सांगितला. कुत्र्याचं मी सांगितलं नाही. तिची चूक नाही, हेडमास्तरांची नाही. माझी आहे. या मुलीला कुत्रं चावलेलं नाही. तिला खाली खोल पाहिलं की सगळं फिरल्यासारखं होतं, एवढंच."

मग सत्यभामाबाई म्हणाल्या, "म्हंजे सोंगच."

"सोंग नाही. घाम पाहा तिचा."

"खोल पाह्यलं का फिरते! आमी चाळीस वर्सं पानी ओढलं, आमाले नाही फिरलं. हे कोनतं नवं दुखनं? याले तुमच्या पुस्तकात नाव हाये काय?"

पुस्तकात नाव होतं. मला ते येतही होतं. मी ते उच्चारलं नाही.

उत्तमराव वच्छलाच्या पाठीशी उभा होता. तो एकदम म्हणाला, "बा, तुमी माळ्यावर चढता काय?"

रंगरावांनी त्याच्याकडे पाहिलं. "आता माळ्याचं काय?"

"नाही, चढता काय? गंजी रचतानी बी तुमी खालूनच पेंढ्या फेकता. दरसाल. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर तुमचे पाय कापतात. माय, तूच हासतं ना बाले?"

गर्दीत कोणीतरी खुदकन हसलं. रंगरावांचे कान लाल झाले. ते स्वतः काठापासून चांगले बारा पावलांवर उभे होते, हे मला तेव्हा दिसलं.

"भोवळ येते," ते शेवटी म्हणाले. "मले येते भोवळ. वर गेलो का. तिले खाली पाह्यलं का येत असन. चला घरी."

"अन् उरलेल्या चार?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"चला म्हनलं ना!"

वच्छलाच्या खोलीची कडी त्या दिवसापासून निघाली. तिला लोणारला पाठवलं नाही. भोवळ हा शब्द त्या घरात आधीपासून होता. त्याला कोणी सोंग म्हणू शकत नव्हतं, कारण मग ते घरच्या कर्त्या पुरुषालाही लागलं असतं. मी सोमवारी शाळेत गेले तेव्हा भगवंतराव माझ्याशी बोलले नाहीत. वर्गातल्या एका मुलाने हायड्रोजनचा अर्थ पुरा आहे की अर्धा, असं विचारलं. मी सांगितलं, पुरा आहे, आणि तो का पुरा आहे हे अर्धा तास समजावलं.

सिंधू आली नव्हती. मंगळवारीही नाही. गुरुवारी मी घरी गेले.

"भोवळ येते तं येते," सत्यभामाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मोडलेलं मनगट त्या चोळत होत्या. "पन पानी कोन भरन बाई? माहा हात असा. सून अशी. गडीमानसं धरून दहा मानसाचं पानी, गुरं निराळी. मजुरीन लावली तं ती बी दोन दिसात पळाली. पोरगी उशिरा गेली तं तुमचे हेडमास्तर बोलतात. मंग घरीच राहू दे म्हनलं यांनी. एक साल गेलं तं काय होते?"

रंगराव बाजेवर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुलीला मॅट्रिक करीन म्हणणारा तो माणूस वाईट नव्हता. त्याने एका मुलीला सोडवलं आणि तिचा भार दुसरीवर ठेवला. ठेवायला तिसरी जागा त्या घरात नव्हती.

शुक्रवारी सकाळी सहा वाजता मी पाणी भरायच्या विहिरीवर गेले. मी अकोल्याची, आमच्याकडे नळ होता. दोर कसा धरायचा हे सिंधूने मला दाखवलं. लाकडावर पाय ठेवला तेव्हा विहीर पुन्हा फिरायला लागली. मी समोरच्या भिंतीवर एक दगड निवडला आणि नजर त्याच्यावरून हलवली नाही. पहिल्या दिवशी सहा घागरी ओढल्या, तळहाताची साल निघाली. उरलेल्या सिंधूने ओढल्या. ती साडेदहाला, घंटेच्या आधी, शाळेत पोचली.

दुसऱ्या दिवशीही गेले, मग रोज. वच्छला घागरी घरी न्यायची. विहिरीपासून दहा पावलांवर ती पाठ करून उभी राहायची आणि रिकामी घागर मागच्या मागे धरायची. मी किंवा सिंधू ती जाऊन घ्यायची आणि भरून तिथेच आणून ठेवायची. विहिरीवरच्या बायकांना दोन आठवडे हसायला पुरलं. "बाईच्या पगारात हे बी येते काय वो?" त्या विचारायच्या. भगवंतरावांनी एकदा बोलावून सांगितलं की शिक्षिकेला हे शोभत नाही. मी म्हणाले, हो. आणि जात राहिले.

दिवाळीनंतर एका सकाळी मला वाटलं की मी घागर घ्यायला कमी चालले. मोजून पाहिलं. नऊ पावलं. मी वच्छलाला काही बोलले नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला आठ झाली. जानेवारीत सात. तिची पाठ अजून विहिरीकडेच असायची. पण ती मागे सरकत होती, स्वतःला न सांगता.

जानेवारीच्या तेवीस तारखेला माझ्या बदलीचा हुकूम आला. पाच दिवसांत संग्रामपूरच्या बाजूला, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला हजर व्हायचं होतं. भगवंतराव म्हणाले, त्यांचा यात काही हात नाही. मी विश्वास ठेवला नाही, अविश्वासही दाखवला नाही. सिंधूची परीक्षा मार्चच्या मध्यावर होती. तीन महिन्यांत तीन पावलं, उरलेली सात. या गतीने वच्छला काठाशी पोचायला ऑगस्ट उजाडला असता.

शेवटच्या सकाळी मी बारा घागरी ओढल्या. सिंधूने दोर गुंडाळून खांद्यावर घेतला. तिला आदल्या दिवशीच सांगितलं होतं.

"वहिनीले तुमी नोका सांगू," ती म्हणाली. "मी सांगतो, तुमी गेल्यावर."

"आणि पाणी?"

तिने खांद्यावरचा दोर नीट केला. सात पावलांवर वच्छला उभी होती, पाठ आमच्याकडे, हात मागे लांब केलेला, बोटांत घागरीचा काठ. आम्हाला वेळ लागतोय असं तिला वाटलं असावं.

"बाई, आनखी एक राह्यली," ती न वळता म्हणाली.

मी सिंधूच्या खांद्यावरून दोर परत काढून घेतला.